प्रॉस्पेक्टसमधलं 'आमची वाटचाल' हे पान कसं वाचायचं?

नववी_गल्ली

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मुलगी बारावी झाली, सीईटीचा निकाल आला, बी.टेक.ला घालायची आहे. गेल्या रविवारी एका हॉलमध्ये खासगी विद्यापीठांचे स्टॉल लागले होते. त्यातल्या एकाबद्दल विचारायचं आहे. ते आपल्या जिल्ह्यातलं नाही. नाव घेत नाही, कारण माझं भांडण कुणाशीच नाही.

गुळगुळीत कागदाचं प्रॉस्पेक्टस, पिशवी, पेन आणि पाण्याची बाटली मिळाली. घरी आल्यावर मिस्टरांनी 'आमची वाटचाल' हे पान मोठ्यानं वाचलं. नव्वदीच्या सुरुवातीला संस्थेची स्थापना, दशक संपता संपता इंजिनिअरिंग कॉलेज, मग एका पुतळ्याचं अनावरण, सभागृहाचं उद्घाटन, परदेशी विद्यापीठाशी करार, २०१८ साली विद्यापीठाचा दर्जा, मग नॅक (उच्च शिक्षण संस्थांना श्रेणी देणाऱ्या संस्थेचं मानांकन), मग परत करार. तळाला "तीन दशकांची उज्ज्वल परंपरा".

मिस्टर म्हणाले, तीस वर्षं जुनं आहे, डोळे झाकून घालू. लेक म्हणाली, बाबा, विद्यापीठ माझ्यापेक्षा लहान आहे. दोन दिवस घरात यावरनंच चाललंय. तर यातल्या कुठल्या तारखेला किंमत द्यायची?

गडी_मुडशिंगीचा

ताई, बाटली चांगली हाय का? आमच्या भाच्याला मिळालेली आठ दिसांत गळाय लागली.

खरडवही

ताई, लेकीला माझ्यातर्फे शाबासकी सांगा. मी परीक्षा विभागात चौतीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. गुणपत्रकं, पुनर्मूल्यांकन, स्थलांतर दाखले यातच केस पांढरे झाले, म्हणून थोडं लांबवतो.

अशा पानावर तीन जन्मतारखा एका माळेत ओवलेल्या असतात. पहिली संस्थेची, म्हणजे ट्रस्ट किंवा सोसायटी नोंदवली ती. दुसरी कॉलेजची. तिसरी विद्यापीठाची. तुमच्या मुलीच्या पदवीवर जे नाव येणार ते तिसऱ्या तारखेला जन्मलेलं. त्याआधी त्याच इमारतीतून बाहेर पडलेल्या मुलांच्या पदव्या दुसऱ्याच विद्यापीठाच्या आहेत, ज्याच्याशी ते कॉलेज संलग्न होतं त्याच्या.

माझ्या ओळखीत दोन सख्खे भाऊ आहेत. एकच कॉलेज, एकच वर्कशॉप, शिकवणारे सरही बरेचसे तेच. थोरल्यानं प्रवेश घेतला तेव्हा कॉलेज संलग्न होतं, धाकट्याच्या वेळी त्याचं विद्यापीठ झालेलं. थोरल्याच्या पदवीवर सरकारी विद्यापीठाचा शिक्का, धाकट्याच्या पदवीवर नवीन खासगी विद्यापीठाचा. दोघंही नोकरीला आहेत, दोघांचंही बरं चाललंय. पण धाकट्याला पहिल्या मुलाखतीत विचारलं होतं, "हे विद्यापीठ कुठलं हो?" थोरल्याला असला प्रश्न कधी आला नाही.

आणि ही गोष्ट आपल्याकडच्यांना नवीन वाटू नये. आपल्या राजाराम कॉलेजचं बघा. कॉलेज १८८० चं, पण शिवाजी विद्यापीठ झालं १८ नोव्हेंबर १९६२ ला. उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आले होते, डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. त्याआधी याच कॉलेजातल्या पोरांच्या पदव्या पहिल्यांदा मुंबईच्या आणि नंतर पुण्याच्या. शिवाजी विद्यापीठानं "आमची परंपरा १८८० पासून" असं छापलं असतं तर लोक हसले असते.

बॉयलर_सूट

काका, एक भर घालतो. राजाराम कॉलेज काही काळ खासगी हातातही होतं. शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास हायस्कूल आणि कॉलेज आर्य समाजाकडे चालवायला दिलं होतं. डॉ. बाळकृष्ण प्राचार्य म्हणून आले ते त्याच वाटेनं. म्हणजे संस्थानानं उभं केलेलं कॉलेज दुसऱ्याच्या हातात देऊन पाहायचा प्रयोग कोल्हापुरानं शंभर वर्षांपूर्वीच केलाय.

खरडवही

बरोबर. पण पदवी तेव्हाही मुंबईचीच होती. चालवणारा एक, परीक्षा घेणारा दुसरा. ताईंच्या प्रश्नाची खरी गाठ इथंच आहे.

संलग्न कॉलेजात शिकवतो एक, पेपर काढतो तिसऱ्याच गावचा माणूस, उत्तरपत्रिका आणखी कुठंतरी तपासली जाते आणि पदवी विद्यापीठ देतं. यात घोळ होतात, निकाल लांबतात. ते मी उशाला घेऊन झोपलोय, मला सांगू नका. पण त्यात एक त्रयस्थ डोळा असतो. खासगी विद्यापीठात शिकवणं, पेपर, तपासणी आणि पदवी हे सगळं एकाच घरात. घर चांगलं असेल तर उत्तमच. नसेल तर कळायलाच चार वर्षं जातात.

म्हणून त्या पानावर मी एकच तारीख शोधीन, पहिल्या दीक्षांत समारंभाची. आपल्या नावानं प्रवेश दिलेली आणि आपणच परीक्षा घेतलेली पहिली तुकडी बाहेर कधी पडली, आणि आता ती मुलं कुठं आहेत? २०१८ चं विद्यापीठ असेल तर बी.टेक.ची पहिली तुकडी २०२२ ला निघाली असणार, तीही करोनात शिकलेली. बाकी पुतळा, सभागृह वगैरे गणपतीच्या आराशीत धरा.

दुसरी_पाळी

खरडवही सरांशी अर्धा सहमत. मी पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठात शिकवतो, तेव्हा माझं मीठ लक्षात ठेवून वाचा.

त्रयस्थ डोळ्याची दुसरी बाजू सांगतो. आधी मी एका संलग्न कॉलेजात होतो. तिथं अभ्यासक्रमात एक विषय बदलायचा तर अभ्यास मंडळ, मग विद्याशाखा, मग विद्या परिषद, आणि एवढं होऊन तो शंभर कॉलेजांना एकदम लागू करायचा. त्यातल्या निम्म्या ठिकाणी तो विषय शिकवायला माणूस नसायचा. तोपर्यंत तो विषयच बाजारातून उठलेला असायचा. इथं आम्ही मार्चमध्ये ठरवलं आणि जुलैत शिकवायला घेतलं. मुलांना त्याचा फायदा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि एकाच घरात सगळं होतं म्हणून ते वाईट म्हणायचं, तर आयआयटीतही तसंच होतं.

आता नॅकबद्दल, कारण त्या पानावर सगळ्यात मोठ्या टायपात तेच असतं. नॅक १९९४ ची, मुख्यालय बेंगळुरूला. दोन तुकड्या बाहेर पडलेल्या असाव्यात किंवा संस्थेला सहा वर्षं झालेली असावीत, यातलं जे आधी होईल त्यानंतरच अर्ज करता येतो. गुण चारपैकी, ३.५१ च्या वर गेलं की ए प्लस प्लस. मानांकन साधारण पाच वर्षांपुरतं असतं. त्यामुळं ताई, दाखला कुणाच्या नावावर आहे ते बघा. कॉलेज असताना मिळालेली श्रेणी विद्यापीठ झाल्यावरही भिंतीवर लटकत असते. ती कॉलेजची होती. मुदत संपली का, तेही बघा.

नॅक अख्ख्या संस्थेचं मोजमाप करतं. इंजिनिअरिंगला त्याहून उपयोगाचं एनबीए, म्हणजे अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, कारण ते शाखेनुसार मिळतं. मेकॅनिकलला असेल आणि तुमच्या मुलीच्या शाखेला नसेल असं सर्रास होतं. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा (एकमेकांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण मानण्याच्या देशादेशांतल्या कराराचा) पूर्ण सदस्य झाला तो एनबीएच्या मार्फत, त्यामुळं पुढं बाहेरदेशी जायचं असेल तर त्याची विचारणा होते.

गडी_मुडशिंगीचा

सर, परदेशी करार म्हंजे काय असतंय? आमच्या भाच्याच्या कॉलेजात सात करार हायेत. गेलं कुणीच न्हाई.

दुसरी_पाळी

दादा, बहुतेक करार म्हणजे दोन्हीकडच्या लोकांनी एका कागदावर सह्या करून फोटो काढलेला असतो. किती विद्यार्थी गेले, किती आले, श्रेयांक तिथले इथं धरले का, हे तीन प्रश्न विचारले की कराराचं वजन कळतं. आमच्याकडच्या एका कराराचं वजन मला माहीत आहे. ते फक्त फोटोच्या फ्रेमचं आहे.

अडकित्ता

मूळ मुद्दा कुणी घेतलाच नाही. हे विद्यापीठ कायद्यानं विद्यापीठ आहे का? २००५ चा प्रा. यशपाल विरुद्ध छत्तीसगड राज्य हा खटला विसरलात? छत्तीसगडनं २००२ ला कायदा केला आणि वर्षभरात ११२ खासगी विद्यापीठं कागदावर उभी केली. कित्येकांना इमारत नाही, ग्रंथालय नाही, वर्ग नाहीत. यशपाल म्हणजे यूजीसीचे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे, माजी अध्यक्ष, त्यांनी कोर्टात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्यातली ती कलमंच रद्द केली. आधी प्रवेश घेतलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून, जिथं खरोखर शिकवणं चालू होतं त्या संस्थांना राज्याच्या विद्यापीठांशी जोडून घ्या असं सांगावं लागलं. फी भरलेल्या आईबापांचा त्या काळातला जीव विचारा.

तेव्हा पहिलं काम म्हणजे यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्य खासगी विद्यापीठांच्या यादीत नाव बघणं. यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) खाली नाव असलं पाहिजे. आणि 'अभिमत' (डीम्ड) वेगळं, 'खासगी' वेगळं. अभिमत दर्जा केंद्र सरकार यूजीसी कायद्याच्या कलम ३ खाली देतं. खासगी विद्यापीठ राज्याच्या विधिमंडळात कायदा होऊन जन्मतं. आपल्याच जिल्ह्यात दोन्ही आहेत. कसबा बावड्याचं डी. वाय. पाटील २००५ पासून अभिमत, तर अतिग्र्याचं संजय घोडावत विद्यापीठ २०१७ चं, कायद्यानं झालेलं. २०१७ च्या नोव्हेंबरात यूजीसीनं १२३ अभिमत संस्थांना नावातला 'युनिव्हर्सिटी' शब्द काढायला सांगितलं होतं, तेव्हा किती कमानी रंगवाव्या लागल्या असतील देव जाणे.

खरडवही

अडकित्ता, चांगली आठवण केलीत. आणखी एक फरक सांगतो. सरकारी विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात. खासगीत कुलपती संस्थेच्या बाजूनं ठरतो. बऱ्याच ठिकाणी हे पद संस्थापकांच्या घरातच राहतं. 'कुलपती' शब्दातलं कुल तिथं अगदी शब्दशः खरं झालेलं दिसतं.

हिंगण्याची_नात

इतका वेळ वाचत होते. सगळे मान्यता, मान्यता करताय म्हणून लिहिते.

माझ्या आजीची थोरली बहीण 'गृहीतागमा' होती. हा शब्द आता कुणाला कळत नाही. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची ती पदवी, बी.ए.च्या जागेची. पुढची 'प्रदेयागमा'. जपानच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, हाती पडली, १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी कल्पना मांडली आणि १९१६ साली हिंगण्याला विद्यापीठ सुरू झालंसुद्धा. सुरुवातीच्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. डॉ. रा. गो. भांडारकर कुलपती, रँग्लर परांजपे कुलगुरू. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा सक्तीचा विषय.

आणि सरकारी मान्यता? नव्हती. अगदी तुमच्या भाषेत सांगायचं तर २(एफ) नव्हतं. १९२० ला सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसींचं, नाव लागलं. १९३६ ला मुख्यालय मुंबईला गेलं. कायद्यानं मान्यता यायला १९५१ उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं! तोवर तिथून बाहेर पडलेल्या बायकांनी शाळा चालवल्या, संस्था काढल्या. आमच्या मोठ्या आजीनं सांगली भागात एकोणतीस वर्षं शिकवलं. तिच्या पदवीला सरकारनं हुंगलंही नसेल, पण तिच्या हाताखालच्या मुली शिकल्याच ना?

आज ज्याला आपण खासगी विद्यापीठ म्हणतो त्यातलं एक सगळ्यात जुनं ते हेच, आणि ते सगळ्यात 'बेकायदेशीर' होतं.

अडकित्ता

कर्वे आणि आजचे शिक्षणसम्राट एका पंक्तीला? ताई, अण्णा गावोगाव चार-चार आणे मागत हिंडले. इथं उलट आहे. इथं आपण देत हिंडतो.

हिंगण्याची_नात

एका पंक्तीला बसवत नाहीये. कर्व्यांचं कौतुक करायलाही आले नाही. एवढंच म्हणतेय की मान्यता हा किमान उंबरठा आहे. तो ओलांडला म्हणजे आत स्वयंपाक चांगला असेलच असं नाही. अण्णांच्या विद्यापीठाच्या इतिहासात मला १९५१ पेक्षा १९१६ मोठं वाटतं, कारण त्या वर्षी कुणीतरी घराबाहेर पडून वर्गात बसलं.

बॉयलर_सूट

हा धागा आता रंगला. आमचीही ऐका. १९८३ ला वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी कोल्हापूरच्या पोराला इंजिनिअर व्हायचं तर सांगलीचं वालचंद, कराड, पुणे. तिथं नंबर लागला नाही की बाप जमीन गहाण टाकून पोराला कर्नाटकात दावणगिरी नाहीतर मणिपालला पाठवायचा. १९८३ ला गोकुळ शिरगावचं के.आय.टी. झालं, १९८४ ला बावड्यात डी. वाय. पाटील. मी त्या वर्षांतल्या एका कॉलेजच्या पहिल्या तुकडीतला. कुठलं ते विचारू नका.

पत्र्याच्या शेडमध्ये ड्रॉइंग. उन्हाळ्यात टी-स्क्वेअर तापायचा. मशीन शॉप नव्हतं, आम्हाला उद्यमनगरातल्या एका कारखान्यात न्यायचे. तिथले फोरमन आम्हाला 'डोनेशन' म्हणूनच हाक मारायचे. "ए डोनेशन, ते व्हर्निअर आण." खरं सांगतो, लेथ शिकलो तो त्या माणसाकडं.

आता त्या कॉलेजच्या वाटचालीच्या पानावर आमचं वर्ष आहे, 'पहिली तुकडी' म्हणून. फोटोत आम्ही हसतोय. शेड फोटोत आलेली नाही. पण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक यायचे, आणि ते आले की आमचे प्राध्यापकच आमच्यापेक्षा जास्त घाबरायचे. खरडवही काका म्हणतात तो त्रयस्थ डोळा हाच. आम्ही पास झालो ते कॉलेजमुळं की त्या डोळ्याच्या भीतीनं, हे मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही.

गडी_मुडशिंगीचा

काका, नाद खुळा. उद्यमनगरनं कितीजण घडीवलं त्याचं पान कुठल्याच प्रॉस्पेक्टसमधी न्हाई.

दुसरी_पाळी

पीएच.डी.बद्दल राहिलं होतं. वाटचालीत 'संशोधन केंद्र सुरू' असं एक वर्ष हमखास असतं. त्याला अर्थ नाही. पहिली पीएच.डी. कधी दिली आणि मार्गदर्शक कोण होते हे बघा. २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. विभागात दोनच पीएच.डी.धारक शिक्षक आणि यादीत चाळीस संशोधक दिसले, तर गणित तुम्हीच करा. बी.टेक.च्या मुलीला याचं काय, असं वाटेल. पण कायम शिक्षक किती आणि तासावर किती, हे त्यातून कळतं. दरवर्षी नवीन चेहरा शिकवायला येतो तिथं वाटचाल फक्त इमारतीची होते.

अडकित्ता

नववी_गल्ली ताई, पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. राज्य सरकारनं ८ जुलै २०२४ ला निर्णय काढला की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. त्यातून खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे तुम्ही म्हणता तसली खासगी, विद्यापीठं वगळलेली आहेत. हे स्टॉलवर कुणी सांगितलं का?

नववी_गल्ली

नाही! कुणीच नाही. आम्ही ओबीसी आहोत आणि मिस्टरांचा पगार त्यात बसतो. मला वाटलं होतं माफी सगळीकडं असते.

अडकित्ता

मग चार वर्षांचा हिशेब एका कागदावर मांडा. एका बाजूला संलग्न कॉलेज, दुसऱ्या बाजूला हे. प्रॉस्पेक्टस त्या कागदाखाली ठेवा, वाऱ्यानं उडणार नाही.

नववी_गल्ली

चार दिवसांनी लिहितेय, माफ करा.

लेकीनं स्वतः त्या विद्यापीठात फोन केला. मी शेजारी बसून ऐकत होते. पहिला दीक्षांत कधी झाला विचारलं, तर तिथल्या ताईंनी लगेच वर्ष सांगितलं, २०२२. तिच्या शाखेला एनबीए आहे का, तर "प्रोसेसमध्ये आहे." नॅक कुणाच्या नावावर, तर "आमच्याच." मग हिनं संकेतस्थळावर दाखला उघडला. तो कॉलेजचा निघाला, आणि मुदत संपलेली. हिनं परत फोन लावून तसं सांगितलं तेव्हा त्या ताई म्हणाल्या, "मॅडम, इतकं कुणी बघत नाही." रागावून नाही, जरा थकल्यासारखं म्हणाल्या. मला त्यांची कीव आली. त्यांनाही टार्गेट असणार.

एक चांगलंही सांगते. तिथं तिसऱ्या वर्षाला असलेली गडहिंग्लजची एक मुलगी ओळखीतून सापडली. तिनं मनापासून सांगितलं की कॉम्प्युटरचे दोन सर फार छान शिकवतात, लॅब रात्री आठपर्यंत उघडी असते. म्हणजे सगळंच पोकळ नाही. फी माफीचा आकडा मांडल्यावर मात्र मिस्टर गप्प झाले. तीस वर्षांची परंपरा परत निघाली नाही.

कॅपचा अर्ज भरला. ते प्रॉस्पेक्टसही टाकलेलं नाही, तिसऱ्या फेरीत काही हाती लागलं नाही तर बघू. आता अडलंय ते वेगळंच. नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला, दोन्ही अजून हातात नाहीत, आणि कागदपत्र तपासणीची तारीख जवळ आलीय. सेतूत काल दीड तास उभी होते, सर्व्हर बंद.

खरडवही

ताई, उद्या सकाळी साडेनऊच्या आत जा, दुपारनंतर तिथं काही होत नाही. आणि अर्जाची पावती जपून ठेवा. नॉन क्रिमीलेअर वेळेत आलं नाही तर ती पावती चालते का, हे तपासणी केंद्रावर आजच विचारून घ्या. दर वर्षी सूचना वेगळी असते.

गडी_मुडशिंगीचा

आमचा भाचा सेतूजवळच बसतोय, झेरॉक्सच्या दुकानात. ताई, नंबर व्यनि करतो. त्याला सांगा मुडशिंगीच्या मामानं धाडलंय. आन् ती बाटली घिऊन जावा, रांगेत तहान लागतीया.